विनया, तुझी कालवं मी चाखली

विनया,

तुझी तेरवी होऊन आज नऊ दिवस झाले. पाहुणे गेले, मंडपवाला खुर्च्या घेऊन गेला, तुझी लेक समीक्षा कालच्या गाडीने नागपूरला वसतिगृहात परतली आणि धनराज आज पहिल्यांदा शेतावर गेला. धान कापून पडलं आहे, ते कोणासाठी थांबत नाही. घरात मी एकटी आहे. अंगणवाडीची रजा उद्या संपते, तेव्हा जे सांगायचं ते आजच सांगून टाकते.

तेरवीला आलेल्या बाया म्हणत होत्या, "मोठी गरीब होती बिचारी. कधी कोणाले उलटून बोलली नाही." मी ऐकून घेतलं. त्यांना काय माहीत! अठरा वर्षं तू मला उलटून बोललीस. तोंड वर करून नाही, आवाज चढवून नाही, पण माझा एकही शब्द तू खाली पडू दिला नाहीस. या कामठा गावात माझ्याशी असं बोलणारं दुसरं कोणी नव्हतं. सगळ्यांना माझ्या जिभेची भीती. मालक गेल्यावर मी माहेरी परत आले, पाठोपाठ आई गेली, आणि स्वयंपाकघर माझ्या हातात आलं ते आलंच. धनराज माझा भाऊ, माझ्याहून सहा वर्षांनी लहान. तो मला बाई म्हणतो आणि माझ्यासमोर जास्त बोलत नाही. तेव्हा तो कुडाळला कारखान्यात नोकरीला होता. तिथून एक दिवस फोन आला, "बाई, मी लग्न करून राहिलो. पोरगी इकडचीच आहे, समुद्राकाठची."

मी विचारलं होतं, "काऊन? गोंदिया जिल्ह्यात पोरी सरल्या का?"

बाबा वारले, शेती कोणी बघायची हा प्रश्न आला, आणि तो नोकरी सोडून तुला घेऊन घरी आला. तू दारात उभी होतीस, एका हातात बॅग, दुसऱ्या हातात सुती फडक्यात बांधलेलं एक गाठोडं. मी बॅग धरायला पुढे झाले आणि तो वास आला.

आपण काही सोवळे नाही. तलावाची मासोळी, झिंगे, धानाच्या बांधीतले खेकडे, बाजारातली सुकट, सगळं या घरात शिजतं. पण तू फडकं सोडलंस आणि आतून जे निघालं ते मासोळीसारखं दिसेना, झिंग्यासारखंही दिसेना. काळपट, आक्रसलेले, बोराएवढे गोळे. कोणी सडकी द्राक्षं उन्हात टाकून विसरून जावं तसे.

"हे काय होय?"

"कालवं. खडकाला चिकटलेली असतात, शिंपल्यात. माझी आई कोयत्याने काढते, उकडते आणि वाळवते. पावसाळ्याला होतात."

"खडकाला चिकटलेलं कायले खाता?"

"तुम्ही चिखलातले खेकडे खाता," तू म्हणालीस. घरात पाऊल टाकून तुला दहा मिनिटंसुद्धा झाली नव्हती.

पुढचं मी केलं ते तुला माहीत आहे आणि मला माहीत आहे. धनराजला आजपर्यंत माहीत नाही. दुसऱ्या दिवशी तू आंघोळीला गेली असताना मी ते गाठोडं उचललं आणि मागच्या उकिरड्यावर उलटं केलं. रागाने नाही, अगदी थंड डोक्याने. घर माझं, चूल माझी, आणि नव्या माणसाला आल्याआल्याच काय ते कळलेलं बरं, असा माझा हिशेब. तू केस पुसत मागच्या दारात आलीस. कावळे जमले होते. तू बघितलंस, माझ्याकडे बघितलंस, उकिरड्यापर्यंत गेलीस आणि ते फडकं तेवढं उचलून आणलंस. धुतलंस, पिळलंस, दोरीवर घातलंस. मी वाट बघत होते की तू रडशील, नाहीतर धनराजला सांगशील. तू विचारलंस, "ताई, तांदूळ किती घेऊ?"

त्या दिवसापासून मला तुझी थोडी भीती वाटायला लागली. हे मी तुला कधी बोलले नाही.

तू हार मानणारी नव्हतीस. पुढच्या वर्षी माहेराहून आलीस ती पुन्हा गाठोडं घेऊन. या वेळी ते घरात आणलंच नाहीस. मागच्या पडवीत पत्र्याचा डबा ठेवलास, तीन विटांची चूल मांडलीस आणि रविवारी तिथे बसून स्वतःपुरतं नि धनराजपुरतं शिजवलंस. नंतर समीक्षाही तिथे वाटी घेऊन बसायला लागली. मी नाकाला पदर लावून जायचे, तू हसायचीस. "ताई, एकदा चाखा. नाही आवडलं तर थुंका."

"थुंकायचंच तर तोंडात घालू कायले?"

आपलं भांडण दर वर्षी नवं असायचं. मी म्हणायचे, समुद्राच्या मासोळीला मिठाची चव, तलावाच्या मासोळीला मासोळीची चव. तू म्हणायचीस, तुमच्या तलावाच्या मासोळीला गाळाची चव, तुम्हाला ती सवयीने गोड लागते. मी म्हणायचे, रश्शात चिंच पाहिजे. तू म्हणायचीस, आमसूल. एकदा मुर्रीला आपल्या मावसबहिणीच्या घरी जेवायला गेलो तर तिथे पंगतीत तू आणि मी यावरून इतक्या बोललो की वाढणारी बाई हातात भांडं घेऊन तशीच उभी राहिली. मावसबहीण म्हणाली, "ह्या दोघी भांडून राहिल्या का गोष्टी करून राहिल्या, समजतच नाही." मलाही समजत नव्हतं. पण तू माहेरी गेलीस की ते पंधरा दिवस मला जेवण गोड लागत नव्हतं, एवढं खरं.

मग या वर्षी मृगाच्या सुमाराला तुझं पोट दुखायला लागलं, आणि पुढचं सगळं नागपूरच्या दवाखान्याच्या फेऱ्यांत गेलं. ते मी इथे लिहीत नाही. तुलाही त्याचा कंटाळा आला होता. दिवाळी संपल्यावर डॉक्टर म्हणाले, घरी न्या, जे खावंसं वाटेल ते खाऊ द्या. पण तुला काही खावंसंच वाटत नव्हतं. औषधांनी तोंडाची चव गेली होती. भात माती लागतो म्हणायचीस, दूध पाणी लागतं म्हणायचीस. वरणाचा घोट घेऊन तू माझ्याकडे बघायचीस आणि विचारायचीस, "यात मीठ घातलंय ना?" मी सकाळ-संध्याकाळ काहीतरी करायचे आणि सकाळ-संध्याकाळ ताट तसंच परत यायचं. अठरा वर्षं मी या घरात ठरवलं होतं की कोण काय खाणार. आता एक माणूस माझ्या डोळ्यांसमोर उपाशी जात होतं आणि मला काही करता येत नव्हतं.

त्या दिवशी सकाळी तू म्हणालीस, "ताई, कालवं खाईन म्हणते."

मी म्हटलं, "धनराज आला की सांगते. त्याला येतात करता."

"तो कापणीला गेलाय, संध्याकाळी येईल. संध्याकाळपर्यंत मला भूक राहील का नाही, कोणाला ठाऊक."

तू असं कधी बोलत नव्हतीस. मी पडवीतला डबा आणला. तू म्हणालीस, "विटांवर मांडा." मी म्हटलं, "विटा गेल्या खड्ड्यात." आणि आपल्या आतल्या गॅसवर पातेलं ठेवलं. तू खुर्ची ओढून दारात बसलीस, शाल गुंडाळून, आणि सांगायला लागलीस. गरम पाण्यात भिजवा. आता चोळा. पाणी फेका. पुन्हा चोळा, रेती असते. मी पाच वेळा पाणी बदललं. हाताला तो वास बसला. खोबरं आणि कांदा भाजून वाटला. आमसूल संपलं होतं.

"चिंच घालते," मी म्हटलं.

"नको."

"मंग आंबट काय घालू, माझं डोकं?"

तू हसलीस. किती दिवसांनी! "घाला चिंच," म्हणालीस. "पण यावेळपुरती. तुम्ही जिंकलात असं नाही."

रस्सा उकळला. मी पळीत थोडा घेऊन, फुंकून तुझ्या तोंडाशी धरला. तू घोट घेतलास, जिभेवर फिरवलास, डोळे मिटलेस. मी बघत राहिले. डोळे उघडलेस तेव्हा त्यात पाणी होतं.

"काहीच कळत नाही हो ताई. मीठ आहे का तेही कळत नाही." मग म्हणालीस, "तुम्ही बघा."

मी पळीच्या टोकाने थेंबभर रस्सा चाखला. "बरा आहे," म्हटलं.

"रस्सा नव्हे. कालव. शिजलंय का ते रश्शात कळत नाही."

विनया, तुला वाटलं असेल मी क्षणात तयार झाले. नव्हते झाले. मी पातेल्यात बघितलं. ती भिजून फुगली होती, कडेला काळी झालर, मध्ये पांढरट पोट. शेजारच्या काकूला बोलवावं, सायकलवर कोणालातरी शेतात पाठवावं, असं सगळं मनात येऊन गेलं. आणि तू त्या खुर्चीत बसली होतीस, हाडांवर शाल टाकल्यासारखी, आणि माझ्या तोंडाकडे बघत होतीस. मी ठरवलं. एक उचललं, तोंडात टाकलं आणि चावलं.

आधी रबर. मग कचकन रेतीचा एक कण. मग ते मधलं पोट फुटलं आणि वैशाखात तलाव आटल्यावर तळाला जो वास येतो, तो वास चव होऊन जिभेवर पसरला. त्यामागून लोखंडासारखं काहीतरी, शेवटाला कडू. उलटी घशापर्यंत आली. मी ओट्याला धरून उभी राहिले, डोळे मिटले आणि गिळलं. थुंकले नाही.

"कसं आहे?"

"वाईट."

"वाईट म्हणजे? मीठ?"

"कमी आहे."

"आंबट?"

"नाही लागत."

"चावायला?"

"तुझ्या चपलेसारखं."

"मग वाईट नाही, कच्चं आहे," तू म्हणालीस. "मीठ घाला, चिंच घाला, झाकण ठेवा. दहा मिनिटांनी परत बघा."

दहा मिनिटांनी मी दुसरं खाल्लं. मग तिसरं. तू एकेक प्रश्न विचारत गेलीस आणि मला उत्तर द्यावं लागलं. तिखट आधी लागतं का मागून लागतं? खोबरं जिभेला कळतं का? कडू गेलं का? मी जन्मभर स्वयंपाक केला, पण चव अशी सांगायला मला कोणी लावलं नव्हतं. "चांगलं" आणि "वाईट" यापलीकडे मी कधी गेलेच नव्हते. चौथ्या वेळी मी म्हटलं, "कडू मागं गेलं. आता आधी खोबरं लागते, मंग आंबट, आन् शेवटी गोडसर काहीतरी."

तू खुर्चीत सरळ झालीस. "तेच," म्हणालीस. "उतरवा आता. आणि तुमचीही वाटी घ्या."

"माझी कायले?"

"मला चव लागत नाही. तुम्ही खा आणि सांगत राहा. मी ऐकत खाते."

मग आपण दोघी तशा जेवलो. ओट्याशी खाली बसून, ऊन दारातून आत आलेलं. मी एक घास घ्यायचे, सांगायचे, आणि तू तुझा चमचा उचलायचीस. "हे जरा मोठं आहे, मऊ आहे." तू चावायचीस. "आता तिखट लागलं." तू मान हलवायचीस. चार चमचे खाल्लेस. चौथ्यानंतर वाटी खाली ठेवलीस आणि म्हणालीस, "पुरे. छान झालं होतं." मी माझी वाटी संपवली. सांगायची गरज उरली नव्हती तरी संपवली, कारण अर्ध्यावर ठेवली असती तर तुला कळलं असतं की मला अजून मळमळतंय.

तेव्हा मी बोलायला हवं होतं. उकिरड्याचं. शब्द तोंडात होते: विनया, त्या दिवशी मी चुकले. एवढं सोपं वाक्य. पण तू भिंतीला टेकून डोळे मिटले होतेस, चेहरा शांत होता, आणि मला वाटलं, आता नको, उद्या. उद्या ताप चढला. परवा गोंदियाला दवाखान्यात नेलं. नवव्या दिवशी तू गेलीस. मला लोक फटकळ म्हणतात, आणि सगळ्यात गरजेचं वाक्य माझ्याच्याने बोलवलं नाही. याचं मला वाईट वाटतं, आणि ते जाणार नाही. ते जावं असंही मी म्हणत नाही.

आता तुला माहीत नसलेलं सांगते.

तेरवीला तुझी आई आली. पंचाहत्तरीची बाई, दोन दिवस रेल्वेत बसून, तुझ्या भावाचा हात धरून. अठरा वर्षांत ती पहिल्यांदा कामठ्याला आली, आणि आली ती अशी. आल्यावर रडली नाही. स्वयंपाकघरात येऊन माझ्याजवळ बसली आणि पहिलं हेच विचारलं, "शेवटाक काय खाल्ल्यान गो तिना?"

"कालवं," मी म्हटलं. "चार चमचे. माझ्या हातची."

तिने माझा हात धरला. मग म्हणाली, "बरां झाला. माझां चेडू उपाशी गेलां नाय."

मग पिशवीत हात घालून तिने गाठोडं काढलं. तसंच सुती फडकं. "ही तुमकाच हाडलंय, ताईनू. तुमका लय आवडतत मां?"

मला समजलं नाही. मी म्हटलं, "मला?"

"विनया दरवर्षी सांगी. पयल्या वर्षीच सांगल्यान, आई, आमच्या ताईंनी सगळी संपवली. तेवापासून मी दोन मुठी जास्ती घालीत होतंय, तुमच्या नावान."

विनया. मी गाठोडं उकिरड्यावर उलटं केलं आणि तू तुझ्या आईला सांगितलंस की ताईंनी सगळी संपवली. अठरा वर्षं ती म्हातारी माझ्या नावाने खडकावर वाकत होती, आणि इथे मी नाकाला पदर लावत होते. तू माझी लाज राखलीस का तिचं मन, मला कळत नाही. विचारायला तू नाहीस. मला राग आला तुझा, खरंच आला. तू मला सांगायचं होतंस. भांडायचं होतंस. एवढ्या सगळ्या गोष्टींवरून भांडलीस, यावरून का नाही?

मी तोंड उघडलं होतं. तुझ्या आईला सगळं सांगणार होते, जसं घडलं तसं. मी तोंडावर बोलणारी बाई आहे, खोटं मला सहन होत नाही. पण समोर ती बसली होती. तिची लेक गेली होती, आणि लेकीच्या सासरी आपल्या हातचं कोणालातरी आवडतं एवढीच एक गोष्ट तिच्याजवळ उरली होती. ती मी काढून घेऊ? माझं मन हलकं व्हावं म्हणून?

मी गाठोडं घेतलं. "हो," म्हटलं. "आवडतात."

आयुष्यात पहिल्यांदा ठरवून खोटं बोलले, आणि बोलतानाच मनाशी पक्कं केलं की हे खोटं राहू द्यायचं नाही.

परवा मी ती शिजवली. माझ्याच गॅसवर, पाच पाण्यांनी धुऊन, आमसूल घालून. हो, आमसूल. तुझ्या आईने आणलं होतं. चिंचच बरी होती असं माझं अजूनही मत आहे. धनराज आत आला आणि दारातच थांबला. "बाई, तू कालवं खाऊन राहिली?"

"हो. काऊन, तुले पाहिजे का?"

तो खाली बसला. मी वाटी पुढे केली. एक घास खाल्ला आणि त्याने तोंडावर हात घेतला, रडला. मी त्याला रडू दिलं. माझी वाटी मी संपवली. आवडली का विचारशील तर नाही. रबर कमी झालंय, वास तेवढाच आहे. गोडसर लागतं ते आता जरा लवकर सापडतं. पण मी खाते आहे, आणि आवडेपर्यंत खाणार आहे. त्याला एक वर्ष लागो की अठरा.

आज सकाळी तुझ्या आईचा फोन आला, घरी पोचल्यानंतरचा पहिला. म्हणाली, पाणी ओसरलं की खडकावर जाऊन बसते, हात चालत नाहीत. मग म्हणाली, "आता कोणाक धाडू गो?"

"मले धाडा," मी म्हटलं.